आखडलेलं अंग मोकळं कसं करायचं? गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छोटा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त असते, कारण लोक बाजार आटोपून, भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून मग कंबर दाखवतात. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. घरात कोणाला वाचता येत नसेल, तर त्यांना वाचून दाखवा.

दिवसभर वावरात वाकतोच ना, मंग हा वेगळा व्यायाम कायले?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. वावरातल्या कामानं ताकद येते, दम येतो. पण ते काम अंगाला एकाच घडीत घालतं. कापूस वेचताना कमरेला ओटी, मान खाली, दोन्ही हात पुढे. निंदताना तेच, सोयाबीन सोंगताना तेच. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करणाऱ्या बायांची पाठ तर चिखलात उभं राहून दिवसभर आडवी असते. या कशातही मांडी खुब्यापासून मागे जात नाही, छाती उघडत नाही, हात कानाला लागून सरळ वर जात नाहीत. पेटीत वर्षभर घडी घालून ठेवलेलं लुगडं बाहेर काढलं की घडीची रेघ जात नाही, तसं अंगाचं होतं. घडी उलट्या बाजूनं मोडायची, एवढंच या व्यायामाचं काम.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे आहे आणि शहरातल्या माणसाकडे नाही, ती म्हणजे उकिडवं बसणं. टाच जमिनीला टेकवून पाच मिनिटं उकिडवं बसणाऱ्याचे घोटे, गुडघे आणि खुबे तिन्ही पूर्ण वाकतात. ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची आली तशी पन्नाशीतली माणसं जमिनीवर बसायचीच बंद झाली, आणि मग मला विचारतात, डॉक्टर, खाली बसता काहून येत नाही? गुडघे दुखत नसतील तर रोज थोडा वेळ खाली बसत राहा.

ताण द्यायचा म्हणजे किती? दुखलं पाहिजे का?

दुखायला नको. जुन्या हिशेबानं सांगतो. सोळा आणे म्हणजे आता सहनच होत नाही, इतका ताण. आपल्याला सहा-सात आण्यांवर थांबायचं आहे. ओढ जाणवली पाहिजे, पण त्या ओढीत बसून शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. दात आवळले गेले, श्वास अडकला, भुवया चढल्या, म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

ओढ कुठे लागते तेही बघा. मांसल भागाच्या मधोमध लागली तर ठीक. सांध्याच्या आत, हाडाच्या टोकाशी किंवा गुडघ्याच्या मागच्या खळगीत टोचल्यासारखं वाटलं तर जागा चुकली. सोडल्यावर ओढ लगेच विरली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा ठणकत असेल, तर काल जास्त झालं. त्या दिवशी सुट्टी घ्या आणि पुढच्या वेळी दोन आणे कमी करा.

किती वेळ धरायचं, किती वेळा करायचं?

एका जागी 30 सेकंद, असं 2 ते 4 वेळा. घड्याळाची गरज नाही, सावकाश घेतलेले सहा-सात श्वास म्हणजे जवळपास तेवढाच वेळ. साठीच्या पुढे अंग हळू सैल होतं, त्यांनी सवय झाल्यावर 60 सेकंदांपर्यंत धरलं तरी चालेल. आठवड्यातून किमान 2-3 दिवस केलं तर फरक पडतो, रोज केलं तर जास्त पडतो. रविवारी तासभर करून सहा दिवस काहीच न करण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं बरी.

फरक कधी दिसंल?

तीन-चार आठवड्यांत हात थोडा खाली पोचायला लागतो. पण तेव्हा आत काय बदललं ते समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही.

स्नायूच्या आत बारीक संवेदक असतात. स्नायू किती लांबतोय आणि किती वेगानं लांबतोय, यावर त्यांची नजर असते. वावरातल्या जागल्यासारखंच. अंधारातून कोणी एकदम धावत आलं की जागल्या ओरडतो. ओळखीचा माणूस सावकाश, आवाज देत आला तर तो बाजेवरून उठतही नाही. झटका दिला की हे संवेदक स्नायूला आखडायला लावतात. सावकाश गेलात आणि रोज गेलात, की मज्जासंस्था त्या ओढीला ओळखायला लागते आणि आणखी थोडं पुढे जाऊ देते.

म्हणजे पहिल्या महिन्यातली कमाई बहुतेक ओळखीची आहे. स्नायू फारसा लांब झालेला नसतो. स्नायू, त्याला हाडाशी जोडणारी कंडरा आणि सांध्याभोवतीच्या पेशी खऱ्या अर्थानं बदलायला महिने लागतात. माझ्याकडे इजा होऊन येणारे बहुतेक लोक नेमके याच टप्प्यावर फसलेले असतात. तिसऱ्या आठवड्यात बोटं पायाला लागली म्हणून हुरूप येतो, चौथ्या आठवड्यात कोणीतरी पाठीवरून दाबतं, आणि मांडीच्या मागे कुल्ल्याजवळ कट्‌ असा आवाज येतो. ती जागा भरून यायला पुढे दोन-तीन महिने जातात.

सकाळी उठल्याबरोबर केलं तर चालंल का?

उठल्या उठल्या पुढे वाकण्याचे व्यायाम नको. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते, ती यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा दाब जास्त येतो. पहिला तासभर चाला, झाडलोट उभ्यानं करा, चहा घ्या. कंबर मुळातच दुखत असेल त्यांनी हा नियम कटाक्षानं पाळावा.

थंड अंगाला ताण देऊ नका. पाच ते दहा मिनिटं भराभर चालून, अंग कोमट झाल्यावर सुरू करा. डिसेंबरात हुडहुडी भरलेली असते, तेव्हा जास्त चाला. मे महिन्यात उलटं, पारा 45 च्या पुढे गेला की दुपारी कसलाही व्यायाम नको. माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ संध्याकाळची, वावरातून आल्यावर, हातपाय धुऊन, जेवणाआधी. तेव्हा अंग कामानं आधीच गरम असतं.

सुरुवात कशापासून करू?

पाच जागा पुरे. साहित्य म्हणून एक गोधडी, एक दुपट्टा आणि घराची चौकट.

पोटरीपासून सुरू करा. भिंतीला किंवा निंबाच्या बुंध्याला दोन्ही हात टेकवा, एक पाय मागे घ्या, मागची टाच जमिनीला चिकटलेली आणि गुडघा ताठ. आता पुढचा गुडघा हळूच वाकवा. मागच्या पोटरीत ओढ लागेल. मग तसंच उभं राहून मागचा गुडघाही किंचित वाकवा. ओढ खाली टाचेकडे सरकते, कारण पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत आणि त्यातला खालचा स्नायू गुडघा वाकल्यावरच नीट ताणला जातो. हा दुसरा भाग बहुतेक लोक सोडून देतात.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी उभं राहून पायाची बोटं धरू नका. पाठीवर झोपा, दुपट्टा एका तळपायाला अडकवा आणि पाय वर घ्या. गुडघा थोडा वाकलेला असला तरी हरकत नाही. दुसरा पाय जमिनीवर. असं केलं की कमरेवर भार येत नाही आणि ओढ किती लावायची ते तुमच्या हातात राहतं.

तिसरी जागा खुब्याची पुढची बाजू. वेचणाऱ्या आणि निंदणाऱ्या लोकांसाठी माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. गोधडीवर एक गुडघा टेकवा, दुसरा पाय पुढे. कंबर मागे न वाकवता टेकलेल्या बाजूचं कुल्लं आवळा आणि अंग दोन बोटं पुढे सरकवा. टेकलेल्या पायाच्या जांघेसमोर ओढ लागते. खूप पुढे जायची गरज नाही. कुल्लं आवळलं नाही तर सगळा ताण कमरेत जातो आणि मग लोक म्हणतात, या व्यायामानंच कंबर धरली.

छातीसाठी चौकटीत उभं राहून कोपर खांद्याइतक्या उंचीवर टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यांनी हा सोडू नये. पट्ट्यांनी खांदे पुढे ओढले जातात. खांद्यात मुंग्या आल्या तर कोपर थोडं खाली घ्या.

शेवटी पाठ. हात-गुडघ्यांवर या, श्वास सोडताना पाठ मांजरीसारखी वर गोल करा, श्वास घेताना हळूच खाली सोडा. हा धरून ठेवायचा नाही, आठ-दहा वेळा सावकाश करायचा. मग पोटावर झोपून कोपरांवर टेका आणि छाती थोडी उचला. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला मागे जायला मिळतं.

मित्रानं पाठीवर दाबलं तर लवकर होईल ना?

इजा लवकर होईल. तुम्हाला किती ओढ लागतेय ते मित्राला कळत नाही. झटके देत वाकणंही तसंच. आपल्याकडे कवायतीत ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत झटक्यानं पायाला हात लावायची पद्धत होती, मीही शाळेत केली आहे. शाळकरी अंग ते सोसतं, पण चाळिशीतल्या अंगाला त्याची सवय नसते.

लवकर पुढे जायचंच असेल तर एक सुरक्षित युक्ती आहे. दुपट्टा लावून पाय ताणलेला असताना तोच पाय पाच-सहा सेकंद दुपट्ट्याविरुद्ध हलक्या जोरानं दाबा, मग सैल सोडा आणि पुन्हा ताण घ्या. पाय थोडा जास्त येतो. जोर चार आण्यांचाच लावा.

पोट्टे पोलीस भरतीची तयारी करतात. धावायच्या आधी ताण द्यायचा का?

धावायच्या आधी लांबलचक ताण धरून ठेवू नका. एका स्नायूला मिनिटाहून जास्त वेळ धरून लगेच 100 मीटर पळालात तर वेग आणि जोर किंचित कमी पडतो, आणि भरतीत एकेका सेकंदाला गुण असतात. आधी हलकं धावा, मग पाय पुढे-मागे झुलवा, गुडघे वर उचलत चाला, लांब पावलं टाका. धरून ठेवायचे ताण धावून झाल्यावर किंवा संध्याकाळी.

ताण दिल्यानं दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थांबतं, हा समज सगळ्या ग्राउंडवर आहे. त्यानं फारसा फरक पडत नाही. नवीन मेहनतीनंतर एक-दोन दिवस अंग दुखणारच. 1600 मीटर एकदम पहिल्याच आठवड्यात जीव तोडून पळण्याऐवजी अंतर हळूहळू वाढवलं तर दुखणं कमी होतं.

सिकलसेल असंल तर हे व्यायाम चालतात का?

आपल्या भागात हा प्रश्न विचारायलाच हवा. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, आणि आपल्याही जिल्ह्यात सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, घरं आहेत. 2023 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आधी आपण वाहक आहोत की रुग्ण, ते कळून घ्या. गावात लोक त्याला ‘एएस’ आणि ‘एसएस’ म्हणतात.

एसएस रुग्णाला हलका ताण चालतो, पण अंगात पाणी कमी पडणं, गारठा आणि दमून जाणं या तिन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणून पहाटेच्या थंडीत नाही, उन्हात नाही, उपाशी नाही, आणि पाणी पिऊनच. हातपाय किंवा पाठ खोलवर दुखायला लागली तर ते आखडणं समजून ताणत बसू नका. ती झटक्याची सुरुवात असू शकते. थांबा, पाणी घ्या, ऊब द्या, डॉक्टरांनी दिलेली औषधं घ्या आणि दवाखान्यात जा. ताप, छातीत दुखणं किंवा श्वास लागणं असेल तर अजिबात वाट पाहू नका.

आणखी एक. सिकलसेलच्या तरुण रुग्णाची जांघ महिनाभर दुखतेय, लंगडत चालतोय, मांडी आत-बाहेर फिरत नाही, तर खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता असते. असा खुबा ताणून मोकळा होत नाही. त्याची तपासणी करून घ्या, आणि तोवर त्या पायावर जोर देऊ नका.

एएस वाहक बहुतेक अगदी धडधाकट असतात. पण उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना जीव तोडून पळणं त्यांना धोक्याचं ठरू शकतं. भरतीच्या पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे.

कमरेपासून पायात कळ जाते. ताण देऊन शीर मोकळी करू का?

आपण स्नायूलाही शीर म्हणतो आणि नसेलाही शीर म्हणतो, तिथेच घोळ होतो. स्नायूची ओढ जाडसर, पसरलेली असते. नसेची कळ वेगळी. ती करंट लागल्यासारखी, मुंग्यांची किंवा जळजळीची असते, बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जाते. नस ताणून मोकळी होत नाही, चिडते. पाय वर केल्यावर अशी कळ आली तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या.

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. उद्याचा बाजार होऊ द्या, मग जाऊ, असं नको. पाठदुखीसोबत रोज संध्याकाळी ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा टीबी तपासावा लागतो.

उसण भरली. पायाळू माणसाची लाथ मारून घेऊ का?

माझ्या आजीनं घेतली होती, तीन दिवसांनी बरी झाली. पण अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत ओसरतेच, श्रेय पायाळूला मिळतं. नुसता पाय लावला तर काही बिघडत नाही. म्हाताऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या पाठीत खरंच लाथ बसली तर मणका दबू शकतो. पहिले दोन दिवस शेक घ्या, थोडं थोडं चाला, बाजेवर पडून राहू नका. पुढे वाकण्याचे ताण तेव्हा नको. तेल लावून चोळलं तर ऊब येते आणि बरं वाटतं. जवसाचं लावा की मोहाच्या बियांचं, स्नायू त्यानं लांब होत नाही.

रात्री पोटरीत गोळा येतो. त्याले काय?

याला मात्र ताण हाच उपाय. पाय सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढा आणि गोळा सुटेपर्यंत धरा. उठून टाच जमिनीवर दाबली तरी चालते. झोपण्याआधी पोटरीचा ताण दिला तर काहींना फायदा होतो. उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळून येत असाल तर पाणी वाढवा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखत राहिली तर तो गोळा नव्हे. रक्ताची गुठळी असू शकते, त्या पायाला चोळू नका आणि लगेच दाखवा.

आईचं वय सत्तर. तिला करायला लावू का?

लावा, पण बसून किंवा धरून. पाठीला पोक आलं असेल, पूर्वी किरकोळ पडण्यानं मनगट किंवा खुबा मोडला असेल, तर हाडं ठिसूळ आहेत असं धरा आणि पाठ गोल करून पुढे वाकवू नका. तिच्यासाठी पोटरी, छाती आणि खुर्चीवर बसून एक पाय लांब करणं, एवढं पुरे. गुडघे झिजले असतील तर उकिडवं बसायचा हट्ट नको. चिकुनगुन्यानंतर सांधे सुजलेले असतील तर धरून ताण देऊ नका, सांधा दुखत नाही तेवढाच, दिवसातून चार-पाच वेळा हलवायचा.

सून पोटुशी आहे.

गरोदरपणात शरीर स्वतःच सांध्यांचे बंध सैल करतं. आधी जिथवर अंग जात होतं त्याच्या पुढे जायचा प्रयत्न नको. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपून व्यायाम नको. पोटरीचा आणि मांजरीचा व्यायाम बहुतेकींना सोसतो, पण आधी तपासणीला जाल तेव्हा विचारून घ्या.

माझं अंग लहानपणापासून रबरासारखं वाकतं. मी किती ताण देऊ?

देऊच नका. अंगठा मनगटाला लागतो, कोपर-गुडघे उलटे वाकतात, खांदा निसटतो, अशांना लवचिकपणा नव्हे, ताकद हवी.

बायांना कुठं येळ आणि कुठं जागा?

हा प्रश्न मला एका वेचणीवाल्या बाईनं विचारला आणि मी बराच वेळ गप्प बसलो. ती पहाटे उठते, स्वयंपाक, पाणी, मग वावर, आल्यावर पुन्हा चूल. लुगड्यात गोधडीवर पाय वर करून झोपायला घरात आडोसा नाही. तिला दहा मिनिटं काढा असं सांगणं सोपं आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून वावरातलाच हिशेब लावला. ओटी भरली की ती गाठोड्यात रिकामी करायला जातेच. तिथे ओटी सोडल्यावर दोन्ही हात कमरेच्या मागे ठेवून सावकाश मागे वाकायचं, तीन श्वास. मग हात डोक्यावर गुंफून वर ढकलायचे, तीन श्वास. बांधावर चढताना एक पाय वर, एक खाली, तसंच थांबून मागच्या खुब्याला ओढ द्यायची, दोन्ही बाजूंनी. भाकरी थापताना उभ्या ओट्यापाशी पोटरीचा ताण. दिवसात आठ-दहा वेळा ओटी रिकामी होते. आता तिच्यासोबतच्या चार जणीही करतात, आणि पहिल्या दिवशी हसलेला मालक परवा स्वतःची कंबर दाखवायला आला होता.

वेचणीच्या हंगामात महिनाभर सुटलं. पुन्हा पहिल्यापासून का?

थोडं मागे गेलेलं असतं, सगळं नाही. जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. पहिला आठवडा चार आण्यांच्या ताणानं काढा, दुसऱ्या आठवड्यात पूर्वीच्या जागी या. गाडीभर कापूस जिनिंगला टाकून आलेल्या संध्याकाळी मात्र सुरुवात करू नका. त्या दिवशी फक्त पोटावर झोपा, कोपरांवर टेका, आणि कोणाला तरी चहा आणायला सांगा.